अगाथा ख्रिस्ती : खिडकीतल्या आजीची जन्मदात्री

गावाच्या मधोमध हिरवळ. एका कडेला दगडी चर्च, दुसऱ्या कडेला टपाल कचेरी आणि वाण्याचे दुकान. गवताने शाकारलेली बैठी घरे, दारात गुलाबांचे ताटवे. पाद्रीबाबा सायकलवरून चालले आहेत, बायका चर्चच्या जत्रेसाठी मुरंब्याच्या बरण्या मांडत आहेत. आणि दहा मिनिटांच्या आत त्या शांत गावातल्या एखाद्या मोठ्या घरात, पुस्तकांच्या खोलीत, गालिच्यावर एक प्रेत सापडते.

इंग्लंडच्या खेडेगावात घडणाऱ्या या दूरदर्शन-मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आमच्या घरी त्या नातवाने लॅपटॉपवर लावून दिल्या, आणि त्यांची खरी चाहती निघाली ती माझी सासू. दांडिया बाजारातल्या वाड्यात साठ वर्षे काढलेली बाई. इंग्रजीचा गंध नाही. पण पडद्यावर एक पांढऱ्या केसांची म्हातारी विणकाम करीत बसलेली दिसली की सासूबाई पापड लाटायचे थांबवून पाहत राहायच्या. गुन्हेगार कोण हे पुष्कळदा आम्हा शिकलेल्यांच्या आधी त्यांना कळलेले असे. ज्या बाईने ती म्हातारी निर्माण केली तिची हकीकत मी सासूबाईंना थोडी थोडी सांगितली होती. तीच या स्मरणिकेच्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हन परगण्यात टॉर्की नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १५ सप्टेंबर १८९० रोजी मिलर कुटुंबात शेंडेफळ जन्माला आले : अगाथा मेरी क्लॅरिसा. वडील फ्रेडरिक मूळचे अमेरिकन, आई क्लारा. बहीण मॅज आणि भाऊ माँटी वयाने बरेच मोठे, त्यामुळे धाकटीचे बालपण बहुतेक एकटीचेच गेले. घराचे नाव ॲशफील्ड. मागे मोठी बाग, बागेत झाडे, आणि त्या झाडांखाली अगाथेने मनाने रचलेल्या सवंगड्यांचा मेळा.

क्लाराबाईंच्या डोक्यात एक विचित्र मत होते, की मुलाने आठ वर्षांचे होईपर्यंत वाचायला शिकू नये. मुलगी मात्र पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली. कोणी शिकवले नाही. ऐकलेल्या गोष्टींच्या पुस्तकातले शब्द ओळखत ओळखत ते जमून गेले. शाळेत तिला फारसे घातलेच नाही. अंकगणित वडिलांनी घरी शिकवले.

ती अकरा वर्षांची असताना, १९०१ साली, वडील वारले. अमेरिकेतल्या गुंतवणुकीचे उत्पन्न त्याआधीच आटत चालले होते. मोठे घर, हातात तुटपुंजा पैसा, आणि मायलेकी दोघीच. ॲशफील्ड विकायचे नाही, या एका हट्टावर दोघी राहिल्या. वेळप्रसंगी घर भाड्याने देऊन त्यांनी खर्च भागवला.

या काळातली आणखी एक व्यक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडनजवळ ईलिंगला अगाथेची आजी राहत असे. प्रेमळ, आनंदी स्वभावाची बाई, पण माणसांविषयी तिचा अंदाज नेहमी वाईटाचा असे, आणि बहुतेक वेळा तो खरा निघे. तिच्या मैत्रिणीही तशाच. चहा पिता पिता कोणाचे लग्न मोडणार, कोणता मोलकरी हात मारतो आहे, हे सांगून मोकळ्या. लहान अगाथा त्या घोळक्यात बसून ऐकत असे. पुढे ती आजी आणि त्या मैत्रिणी जगप्रसिद्ध होणार होत्या.

तरुणपणी तिला पॅरिसला पाठवून पियानो आणि गाणे शिकवले. गळा चांगला होता, पण लोकांसमोर उभे राहायचे म्हटले की घशाला कोरड पडे. हा बुजरेपणा जन्मभर गेला नाही. एकदा आजारपणात अंथरुणात पडून कंटाळलेली असताना आईने सुचवले, एखादी गोष्ट लिहून पाहा. लिहिली. मग आणखी लिहिल्या. सगळ्या परत आल्या. शेजारी ईडन फिलपॉट्स नावाचे नामवंत कादंबरीकार राहत. त्यांनी या मुलीची पहिली फसलेली कादंबरी वाचून तिला आपुलकीने सल्ला दिला.

१९१२ साली एका नृत्यसमारंभात तिची आर्चिबाल्ड ख्रिस्ती या तरुण सैनिकी अधिकाऱ्याशी गाठ पडली. आर्चीचा जन्म हिंदुस्थानातला. त्याचे वडील येथे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. लवकरच तो विमानदलात गेला. पहिले महायुद्ध पेटल्यावर १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनी घाईघाईने लग्न केले आणि तो लगेच आघाडीवर परतला.

अगाथा टॉर्कीच्या इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागली. पुढे तिची बदली औषधालयात झाली. तिने रीतसर परीक्षा देऊन औषधे तयार करण्याची परवानगी मिळवली. आर्सेनिक, स्ट्रिकनीन, मॉर्फीन यांच्या बाटल्या रोज हाताखालून जात. कशाचा किती गुंज औषध आणि किती विष, याचे तिला पक्के ज्ञान झाले. शिकवणारा एक औषधविक्रेता खिशात क्युरारी या जालीम विषाचा खडा बाळगत असे. तो जवळ असला की आपण बलवान आहोत असे त्याला वाटे. साध्यासुध्या माणसाच्या खिशात काय असू शकते, याचा हा धडा ती कधीच विसरली नाही.

औषधालयात काम तुरळक असले की वेळ उरे. गुन्हेगार ओळखू येणार नाही अशी रहस्यकथा तुला लिहिता येणार नाही, असे थोरल्या बहिणीने कधीतरी चिडवले होते. बाटल्यांच्या फडताळासमोर बसून अगाथेने ते आव्हान उचलले. खून विषाचाच असणार हे ओघानेच आले. डिटेक्टिव्ह कोण? टॉर्कीला तेव्हा बेल्जियमचे निर्वासित आलेले होते. त्यांतूनच अंडाकृती डोक्याचा, टोकदार मिशांचा एर्क्यूल पॉयरो जन्मला. मध्येच लिखाण अडले तेव्हा आईने तिला सुट्टीत डार्टमूरच्या माळावरच्या हॉटेलात जाऊन पुस्तक संपवायला सांगितले. ते संपले, पण अनेक प्रकाशकांकडून परत आले. अखेर १९२० साली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ छापून निघाले. लेखिकेच्या हाती पडले अवघे २५ पौंड, आणि पुढची पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला देण्याचा करार. त्या आधी, १९१९ साली, तिला मुलगी झाली होती, रोझलिंड.

येथपासून आपण त्यांना अगाथाबाई म्हणू. पुस्तके खपू लागली. १९२२ साली नवऱ्याबरोबर त्यांनी जगाची सफर केली : दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हवाई, कॅनडा. १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ आले आणि एकच खळबळ उडाली. त्यातली युक्ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी येथे फोडत नाही. पण त्या कादंबरीत एक पात्र आहे, खेडेगावातल्या डॉक्टरची अविवाहित बहीण कॅरोलाइन. ती घराबाहेर क्वचितच पडते, पण दूधवाला, मोलकरीण आणि शेजारीण यांच्या जोरावर गावातली प्रत्येक बातमी तिला आधी कळते. अगाथाबाईंचे या पात्रावर फार प्रेम होते. पुढे कादंबरीचे नाटक झाले तेव्हा नाटकवाल्यांनी ही पोक्त बाई काढून टाकली आणि तिच्या जागी एक तरुण, देखणी मुलगी आणली. अगाथाबाईंना ते फार लागले. रंगभूमीला म्हातारी नको होती.

१९२६ हे वर्ष एकीकडे कीर्तीचे आणि दुसरीकडे सर्वनाशाचे ठरले. एप्रिलमध्ये आई गेली. ॲशफील्डच्या खोल्याखोल्यांतून साठलेले सामान उपसायला अगाथाबाई एकट्याच गेल्या. ट्रंका, जुने कपडे, पत्रे, आणि पुन्हा पुन्हा रडू. झोप उडाली. एकदा चेकवर सही करायला बसल्या तर स्वतःचे नावच आठवेना. ऑगस्टमध्ये मुलीच्या वाढदिवसाला आर्ची आला तो परक्यासारखा. त्याचे नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर प्रेम बसले होते आणि त्याला घटस्फोट हवा होता.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री बर्कशायरमधल्या राहत्या घरातून अगाथाबाई आपली मोटार घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी ती मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नर येथे उतारावर बेवारस सापडली. आत कोट होता, वाहन चालवण्याचा परवाना होता, बाई नव्हत्या. मग जे सुरू झाले ते त्यांच्या कोणत्याही कादंबरीहून विचित्र होते. पोलिसांनी आणि हजारो स्वयंसेवकांनी रान पिंजून काढले, तळी उपसली, आकाशातून विमानांनी शोध घेतला. वर्तमानपत्रांना पर्वणी लाभली. नवऱ्यावर खुनाचा संशय घेतला जाऊ लागला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तर बाईंचा एक हातमोजा मिळवून प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाच्या हाती दिला.

अकरा दिवसांनी अगाथाबाई सापडल्या त्या दूर यॉर्कशायरमध्ये, हॅरोगेट येथल्या एका प्रशस्त हॉटेलात. तेथल्या वाद्यवृंदातल्या वादकांनी त्यांना वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखले. हॉटेलच्या वहीत त्यांनी आपले नाव मिसेस टेरेसा नील असे लिहिले होते. नील म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगितले. काही लोक म्हणाले, प्रसिद्धीसाठी केले. काही म्हणाले, नवऱ्याला धडा शिकवायला. अगाथाबाईंनी स्वतः या अकरा दिवसांविषयी आपल्या आत्मचरित्रात अवाक्षरही काढलेले नाही. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची गुपिते शेवटच्या पानावर उघड केली, तिने आपले एक गुपित शेवटपर्यंत बंद ठेवले. तिचा तो हक्कच होता, असे मला वाटते.

पण गोष्ट येथे संपत नाही, खरी सुरू येथून होते. आई गेलेली, संसार मोडलेला, पदरी सात वर्षांची मुलगी, साऱ्या देशाची बोटे आपल्याकडे वळलेली, आणि पैशाची निकड. १९२७ च्या आरंभी मुलीला आणि सेक्रेटरीबाईंना घेऊन त्या कॅनरी बेटांवर गेल्या आणि अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायला बसल्या. एक ओळ सुचत नव्हती. लिहायची इच्छा नव्हती. जे लिहिले जात होते ते आवडत नव्हते. तरीही रोज लिहिले. हौशी लेखिका त्या दिवसांत संपली आणि व्यावसायिक लेखिका जन्मली, असे त्या पुढे मानत. ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ ही ती कादंबरी. स्वतःची ती त्यांना कधीच आवडली नाही. पण तिनेच त्यांना उभे केले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका मासिकात त्यांची एक छोटी गोष्ट आली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यातले एक जुने घर. शेकोटीभोवती पाहुणे जमले आहेत. एक लेखक, एक चित्रकार तरुणी, एक पाद्री, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेले एक न सुटलेले रहस्य सांगायचे, असा बेत ठरतो. तरुणी माणसे मोजते : पाच. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून घरमालकीण हळूच लक्षात आणून देते की मोजताना तुम्ही मला विसरलात. काळा पोशाख, हातात लेसचे मोजे, मांडीवर पांढऱ्या लोकरीचे विणकाम. ही मिस जेन मार्पल. तिच्याच घरात बसून तिला मोजायचे राहते, आणि पाचांपैकी कोणालाही न सुटलेले कोडे विणकामाचे टाके मोजता मोजता ती सोडवते.

अगाथाबाईंच्या आयुष्यातला क्रम पाहिला की या गोष्टीचे मोल कळते. वर्षभरापूर्वी ज्या बाईला सारा देश शोधत होता, तिने आता अशी नायिका निवडली जिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वर्तमानपत्रांनी जिच्या खासगी दुःखाचा तमाशा केला तिने असे पात्र उभे केले जे लोकांकडे पाहते, पण लोकांना दिसत नाही. ईलिंगची आजी, तिच्या मैत्रिणी आणि नाटकवाल्यांनी हाकलून दिलेली कॅरोलाइन, या साऱ्याजणी मिळून ती म्हातारी झाली. १९३० साली ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या कादंबरीत ती पहिल्यांदा पूर्ण लांबीच्या पुस्तकात आली. पुढे एकंदर १२ कादंबऱ्या आणि २० लघुकथा तिच्या वाट्याला आल्या.

मार्पलबाईंची पद्धत काय? भिंग नाही, बोटांचे ठसे नाहीत, पाठलाग नाही. त्यांना एखादा खुनी दिसला की गावातला कोणीतरी आठवतो. हा माणूस मासळीवाल्याच्या त्या पोरासारखा हसतो, ही मुलगी पूर्वी आपल्याकडे कामाला असलेल्या अमकीसारखी खोटे बोलते. माणसाचा स्वभाव लंडनमध्ये काय नि खेड्यात काय, एकच असतो, हा त्यांचा सिद्धांत. बागेत खुरपे घेऊन बसले की येणारा-जाणारा दिसतो. पक्षी पाहायची दुर्बीण असली की आणखी लांबचे दिसते. पोलीस अधिकारी सुरुवातीला नाक मुरडतात. शेवटी चहाला येऊन बसतात.

स्वतः अगाथाबाई मात्र खेड्यात अडकून पडल्या नाहीत. १९२८ साली घटस्फोट झाला. मुलगी त्यांच्याकडे राहिली. वाचकांना ओळखीचे झालेले ख्रिस्ती हे आडनाव त्यांनी पुस्तकांसाठी ठेवले. त्या शरद ऋतूत वेस्ट इंडिजची तिकिटे काढलेली असताना एका जेवणाच्या वेळी कोणीतरी बगदादचे वर्णन केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटे बदलली आणि ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये एकट्या जाऊन बसल्या. तेथून त्या इराकमधल्या उर या प्राचीन नगरीच्या उत्खननावर पोचल्या. १९३० साली पुन्हा गेल्या तेव्हा त्यांना आसपासची स्थळे दाखवण्याचे काम मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्वज्ञाकडे आले. वाळवंटात मोटार वाळूत रुतली. मदत यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता. अगाथाबाईंनी ना त्रागा केला ना रडारड. मोटारीच्या सावलीत आडव्या झाल्या आणि शांत झोपल्या. मॅक्सने त्याच वेळी ठरवले की बायको असावी तर अशी. तो त्यांच्याहून जवळपास चौदा वर्षांनी लहान. बाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण सप्टेंबर १९३० मध्ये एडिंबरा येथे लग्न झाले आणि ते मरेपर्यंत टिकले.

यानंतर वर्षाचे काही महिने इराक-सीरियातल्या तंबूंत आणि मातीच्या घरांत जात. अगाथाबाई खापरांवर खुणा घालत, फोटो काढून ते स्वतः धूत, आणि उरलेल्या वेळात टंकलेखन यंत्रावर लिहीत. निमरुद येथे हस्तिदंताच्या जवळपास २,७०० वर्षांपूर्वीच्या कोरीव वस्तू सापडल्या तेव्हा त्यांच्या बारीक भेगांतली माती बाईंनी विणकामाची सुई आणि तोंडाला लावायचे क्रीम वापरून काढली. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) आणि ‘डेथ ऑन द नाइल’ (१९३७) या प्रवासांचीच फळे.

दुसऱ्या महायुद्धात मॅक्स उत्तर आफ्रिकेत गेला. अगाथाबाई पन्नाशीत पुन्हा औषधालयात उभ्या राहिल्या, या वेळी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. रात्री बाँब पडत आणि त्या लिहीत. आपण वाचलो नाही तर मुलीची आणि नवऱ्याची सोय असावी म्हणून त्यांनी दोन कादंबऱ्या लिहून कुलुपात ठेवल्या : एक पॉयरोची अखेरची, दुसरी मार्पलबाईंची. स्वतःच्या मृत्यूनंतरचे घरखर्चाचे पैसे बाजूला काढून ठेवणाऱ्या आपल्या आज्या आठवाव्यात, तसेच हे. १९४४ साली जावई नॉर्मंडीत कामी आला. नातू मॅथ्यू तेव्हा तान्हा होता. पुढे याच नातवाला त्यांनी एका नाटकाचे हक्क देऊन टाकले. राजमाता मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या रेडिओ-नाटिकेवरून केलेले ते नाटक म्हणजे ‘द माउसट्रॅप’. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि २०२० साली कोरोनाने नाट्यगृहे बंद पाडली तोवर ते सलग चालले. नंतर पुन्हा सुरू झाले.

युद्धानंतरच्या मार्पल-कादंबऱ्यांत एक वेगळीच कळ आहे. १९५० सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ मध्ये रेशनकार्डांचा जमाना आहे, आणि मार्पलबाईंना एक गोष्ट डाचते. पूर्वी गावात कोणी नवीन राहायला आले तर कोणाचे तरी ओळखपत्र घेऊन येई. आता शेजारी कोण, कुठला, हे तो स्वतः सांगेल तेवढेच. १९६२ सालच्या ‘द मिरर क्रॅक्ड’ मध्ये सेंट मेरी मीडच्या कडेला नवी वसाहत उभी राहिली आहे, टोपल्यांच्या दुकानाच्या जागी सुपरमार्केट आले आहे, आणि डॉक्टरांनी मार्पलबाईंना बागेत वाकायला मनाई केली आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे पाडून उठलेल्या इमारती ज्यांनी पाहिल्या, समोरच्या फ्लॅटवर फक्त क्रमांक असतो हे ज्यांनी अनुभवले, त्यांना हे परके वाटणार नाही.

अगाथाबाईंचे सगळेच लेखन निर्दोष नव्हते. आरंभीच्या पुस्तकांत ज्यू आणि परदेशी लोकांविषयी त्या काळच्या इंग्रजी उच्चवर्गाचे कुत्सित शेरे आहेत. १९३९ साली आलेल्या, दहा माणसांच्या बेटावरच्या कादंबरीचे मूळ नाव तर काळ्या लोकांचा अपमान करणारे होते. अमेरिकेत ते पहिल्यापासून बदलले, इंग्लंडमध्ये बदलायला १९८५ उजाडले. थोर माणसाचे चरित्र सांगताना हेही सांगितले पाहिजे.

पडद्याशी अगाथाबाईंचे फारसे जमले नाही. १९६१ ते १९६४ या काळात मार्गारेट रदरफर्ड या विनोदी नटीने चार चित्रपटांत मिस मार्पल रंगवली. ती धिप्पाड, दणदणीत मार्पल लोकांना आवडली, लेखिकेला नाही. पण नटीविषयी आदर होता, म्हणून ‘द मिरर क्रॅक्ड’ तिलाच अर्पण केली. त्यांच्या मनातली मार्पल वेगळी होती. १९४० च्या दशकात त्यांच्या एका नाटकात जोन हिक्सन ही नटी काम करीत होती. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. अगाथाबाईंनी तिला चिठ्ठी पाठवून कळवले की पुढेमागे माझी मिस मार्पल तू करावीस, अशी माझी इच्छा आहे. १९६१ च्या रदरफर्डच्या चित्रपटात हिक्सनला मिळाले ते मोलकरणीचे काम. अखेर २६ डिसेंबर १९८४ रोजी बीबीसीने ‘द बॉडी इन द लायब्ररी’ दाखवली तेव्हा हिक्सन ७८ वर्षांची होती. हॅम्पशायरमधले नेदर वॉलप हे गाव सेंट मेरी मीड झाले. ८६ व्या वर्षापर्यंत तिने बाराच्या बारा कादंबऱ्या पुऱ्या केल्या. कित्येक वर्षांपूर्वीची चिठ्ठी अशी खरी ठरली, पण ते पाहायला लिहिणारी राहिली नव्हती.

आज खेडेगावातल्या खुनांच्या ज्या मालिका दिसतात, त्यांतली पंचवीसहून अधिक वर्षे चाललेली ‘मिडसमर मर्डर्स’ घ्या किंवा दुसरी कोणतीही, त्यांची पायवाट सेंट मेरी मीडवरूनच जाते. ती वाट आपल्याकडेही आली. बी. आर. चोप्रांचा ‘धुंद’ (१९७३) त्यांच्या नाटकावरून निघाला. ऋतुपर्ण घोष यांच्या ‘शुभ महुरत’ या बंगाली चित्रपटात राखीने साकारलेली पिशी म्हणजे शुद्ध मार्पलबाईच. आणि आपल्या मधुकर तोरडमलांनी अगाथाबाईंच्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणून ठेवल्या.

१९७१ साली अगाथाबाईंना डेम हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, थेम्सकाठच्या वॉलिंगफर्ड येथील घरी त्या शांतपणे गेल्या. त्यांची नाटके चालू असलेल्या लंडनच्या दोन नाट्यगृहांनी त्या रात्री दिवे मंद केले. चोल्सी नावाच्या लहानशा गावातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या. पुढच्याच वर्षी एक घटना घडली. कतारहून लंडनच्या इस्पितळात आणलेल्या एका तान्ह्या मुलीचा आजार डॉक्टरांना कळेना. शुश्रूषा करणारी परिचारिका तेव्हा अगाथाबाईंची ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिला पुस्तकातले थॅलियमचे विष आठवले. तिने ते डॉक्टरांना सांगितले, तपासणीत थॅलियमच निघाले, आणि मूल वाचले. खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईंच्या मागे एक जीव असा राहिला.

सासूबाईंना मी ही शेवटची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी सांडशी खाली ठेवली आणि विचारले, त्या परिचारिकेचे म्हणणे डॉक्टरांनी लगेच ऐकले का? मला तेव्हा प्रश्नाचा रोख कळला नाही. पुढे त्या गेल्या. त्यांच्या मागे वाड्यातल्या चार घरांची माणसे एकेक करून येऊन सांगू लागली, की अमक्या वेळी मुलीच्या सासरचे लक्षण बरे नाही हे त्यांनीच आधी ओळखले होते, तमक्या वेळी हिशेबातली खोट त्यांनीच दाखवली होती. आम्ही घरातली माणसे ऐकत राहिलो. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्ही मोजताना त्यांना विसरलो होतो.

गणपतीच्या दिवसांत आपल्या मंडळाच्या मांडवात मागच्या ओळीत खुर्च्यांवर वाती वळत बसलेल्या आज्या दिसतात. यंदा आरती झाल्यावर त्यांच्याजवळ जरा बसा. विचारा, काय काय पाहिले. पुष्कळ निघेल.